अभावाची मालकी

टेलिकॉमच्या यंत्रांत एक छोटा सर्किट बोर्ड असतो. धंद्यातली माणसे त्याला ‘क्वार्टर ब्रिक’ म्हणतात. लांबी साधारण 58 मिलिमीटर, रुंदी 37; तळहातावर मावतो. एका टोकाच्या पिनांवर 48 व्होल्ट द्यायचे, दुसऱ्या टोकाच्या पिनांवरून बाराच्या आसपास घ्यायचे. मधोमध ट्रान्सफॉर्मर आहे, पण गुंडाळलेली तार शोधायला गेलात तर सापडायची नाही. बोर्डाच्या आत एकावर एक थर असतात, त्या थरांत तांब्याचे चपटे वळसे कोरलेले असतात, आणि फेराइटचे दोन काळपट तुकडे वरून-खालून बोर्डातल्या खाचांमधून एकमेकांना भिडवलेले असतात. बोर्ड भिंगाखाली धरला की आणखी एक गोष्ट नजरेस येते. इकडचे तांबे आणि तिकडचे तांबे यांच्यामध्ये एक रिकामी पट्टी आहे, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंद. तिच्यावर तांबे नाही, डाग दिलेला नाही, एकही ट्रॅक ती ओलांडत नाही. आतल्या थरांतही तांबे त्या रेषेपाशी येऊन थबकते. ओलांडतो तो फेराइटचा गाभा. फार तर एखादा ऑप्टोकपलर, आणि त्याच्यातही पलीकडे जातो तो प्रकाश.

माल बाहेर पडण्याआधी ह्या पट्टीच्या दोन बाजूंना 1500 किंवा 2250 व्होल्ट लावून बघतात. काही झाले नाही, म्हणजे माल पास. कारखान्यातल्या इतर चाचण्यांत काहीतरी घडावे लागते, दिवा लागावा लागतो, काटा हलावा लागतो. इथे काही न घडणे हीच पावती.

ह्या रिकामपणाला आयसोलेशन म्हणतात. त्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या पेटंटांवरून अमेरिकेत 2007 पासून पंधरा वर्षांहून जास्त काळ न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या गेल्या. माझे कुतूहल त्या खटल्यांत कोण जिंकले याबद्दल फारसे नाही. ते सांगून संपते. एखादी गोष्ट *नसणे* ही कुणाच्या मालकीची कशी होते, आणि दुसऱ्याने ती चोरली हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न मला जास्त धरून ठेवतो.

आधी कल्पना समजून घेऊ. 1990 च्या दशकापर्यंत मोठ्या यंत्रांतली वीजव्यवस्था अशी असे: रॅकमध्ये 48 व्होल्टची मुख्य वाहिनी, आणि प्रत्येक कार्डावर लागेल त्या व्होल्टेजचा एकेक ब्रिक. 5 व्होल्टचा एक, 3.3 चा एक. प्रत्येक ब्रिक दोन कामे करी. इनपुटपासून आउटपुट विजेच्या दृष्टीने तोडणे, म्हणजे आयसोलेशन. आणि इनपुट वर-खाली झाले, भार कमी-जास्त झाला तरी आउटपुट जागेवर ठेवणे, म्हणजे रेग्युलेशन. दोन्ही कामे एकाच डब्यात करायची म्हणजे आउटपुटला काय चालले आहे याची खबर सीमेपलीकडे, इनपुटच्या बाजूला पोचवावी लागते. ती खबर सीमा न मोडता न्यायची, ही कटकट. शिवाय चिपांची व्होल्टेजे उतरत चालली होती, नि प्रकारही वाढत चालले होते. प्रत्येक व्होल्टेजाला ट्रान्सफॉर्मरसकट एक ब्रिक देणे जागेलाही परवडेना, खिशालाही.

एमआयटीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे मार्टिन श्लेक्ट यांनी 1997 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सिंकोर नावाची कंपनी काढली. त्यांची मूळ पेटंट-नोंद त्याच वर्षीच्या जानेवारीतली. त्यांनी दोन कामांची फारकत केली. पहिल्या टप्प्यात आयसोलेशन करायचे, पण रेग्युलेशन करायचे नाही: 48 चे बारा करा, ते अकरा-तेरा झाले तरी चालेल. दुसऱ्या टप्प्यात चिपांच्या शेजारी छोटे छोटे रेग्युलेटर बसवायचे, ज्यांनी व्होल्टेज नेमके करायचे, पण आयसोलेशन करायचे नाही. पहिल्या टप्प्याला रेग्युलेशनच्या जोखडातून सोडवल्यावर एक मोठा लाभ पदरात पडतो. स्विच ठरावीक तालात, कायम अर्धा वेळ इकडे नि अर्धा वेळ तिकडे चालवता येतात. आउटपुटच्या बाजूला डायोडऐवजी मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर-स्विच लावले की ट्रान्सफॉर्मरची वेटोळीच त्यांना ताल देतात, आणि ते जवळजवळ सतत वाहत राहतात. डायोडमध्ये अर्धा व्होल्ट जळतो, 3.3 व्होल्ट हवे असताना अर्धा व्होल्ट वाया घालवणे म्हणजे दुष्काळात गळका हंडा. मॉसफेट ती गळती बंद करतात.

ह्या रचनेतली एकही वस्तू नवी नव्हती, हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे. ट्रान्सफॉर्मर जुना, मॉसफेट जुना, आयसोलेशनशिवायचा रेग्युलेटर तर पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला. नवे होते ते वगळणे. इथे रेग्युलेशन नाही, तिथे आयसोलेशन नाही. दोन नकार, आणि त्यांचा क्रम.

सिंकोरने 2007 मध्ये पूर्व टेक्सासच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला तो आर्टेसिन, बेल फ्यूज, डेल्टा, लिनिएज, मुराता, पॉवर-वन अशा भल्या भल्या कंपन्यांवर. खटला मार्शल नावाच्या छोट्या गावात चालला. पेटंटच्या फिर्यादींची तेव्हा तिथे इतकी रीघ होती की सॅमसंगने न्यायालयासमोरच्या चौकातल्या बर्फावर घसरण्याच्या मैदानाचे प्रायोजकत्व घेतले होते. ज्यांच्यातून ज्यूरी निवडली जाते ते लोक सहकुटुंब तिथे खेळायला येत. कंपनीच्या मनात काय होते ते कंपनीला ठाऊक.

डिसेंबर 2010 मध्ये ज्यूरीने पाच पेटंटांच्या बाबतीत सिंकोरच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे 9.5 कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्या वेळच्या भावाने सव्वाचारशे कोटी रुपयांच्या घरात. पाठोपाठ मनाई हुकूम आला. वॉशिंग्टनमधल्या फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने मार्च 2013 मध्ये निकाल कायम केला.

आता पेचाकडे येऊ. पेटंटमधली रचना पुरी व्हायला दोन्ही टप्पे लागतात. प्रतिवादी कंपन्या बहुतेक पहिला टप्पा, म्हणजे बस कन्व्हर्टर, बनवून विकत. दुसरा टप्पा ग्राहक आपल्या बोर्डावर जोडी. अर्धी रचना विकणाऱ्याला पुऱ्या रचनेच्या उल्लंघनात दोषी कसे धरायचे? त्यासाठी अमेरिकी कायद्यात उल्लंघनाला प्रवृत्त करणे हा वेगळा दोष आहे, आणि न्यायालयाला त्या वाटेने जावे लागले. हा भाग वकिलांना रुचकर. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न जास्त गोड वाटतो. आयसोलेशन म्हणजे काय, हे कोण ठरवणार?

पेटंटच्या खटल्यात आधी न्यायाधीश दाव्यांतल्या शब्दांचा अर्थ लावून देतात, मग ज्यूरी तो अर्थ समोरच्या वस्तूला लावून पाहते. इथे आयसोलेशनचा अर्थ लावला तो थोडक्यात असा: विशिष्ट टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये एकदिश प्रवाहाला, म्हणजे डीसीला, नगण्य प्रमाणाखेरीज वाहता येईल असा विद्युतमार्ग नसणे.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आठवण झाली ती नैयायिकांची. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला आणि त्याच्यावर शतकानुशतके डोके चालवले. त्यांचे म्हणणे असे की नुसता अभाव म्हणून काही नसतो. अभाव सांगायचा तर कशाचा ते सांगा: तो प्रतियोगी. कुठे ते सांगा: तो अनुयोगी. आणि प्रतियोगी नेमका कोणत्या रूपाने नाही ते सांगा: तो अवच्छेदक. जमिनीवर घडा नाही, हे त्यांचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. पण तिथे निळा घडा नाही, की कुठलाच घडा नाही? जमिनीवर नाही, की खोलीतच नाही? मिथिलेत चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’ लिहिल्यावर नव्यन्यायाने हे प्रश्न इतके बारीक दळले की बाहेरच्याला ती थट्टा वाटावी. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडून पाहावा, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 मध्ये काढली. अशा प्रश्नांसाठी बनवलेली हत्यारे त्यात पानोपानी लखलखताना दिसतात.

टेक्सासच्या न्यायाधीशाने नकळत हीच हत्यारे चालवली. प्रतियोगी: डीसीला वाहता येईल असा मार्ग. अनुयोगी: विशिष्ट टप्प्याचे इनपुट आणि आउटपुट. अवच्छेदक: नगण्याहून जास्त असणे. तिघांपैकी एक जरी ढिला पडला असता तर खटला हातून निसटला असता. कल्पना करा की यंत्र बसवणाऱ्याने बस कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंचे अर्थिंग शेवटी एकाच पट्टीला जोडले. यंत्र म्हणून पाहिले तर दोन्ही बाजू आता एकमेकींना जोडलेल्या आहेत, मग आयसोलेशन उरले कुठे? व्याख्येत ‘टप्प्याच्या’ म्हटले असल्यामुळे उत्तर देता येते: टप्प्याच्या आत मार्ग नाही, बाहेरून कुणी फिरून आला तर तो वेगळा विषय. अनुयोगी नीट सांगितला की अभाव जागेवर राहतो.

प्राभाकर मीमांसकांनी नैयायिकांना डिवचले होते. अभाव नावाचे वेगळे काही नाहीच, म्हणाले. तुम्हाला दिसते ती नुसती जमीन. बोर्डावरची पट्टी पाहताना हा आक्षेप अगदी समोर उभा राहतो. दिसते ते नुसते फायबरग्लास. त्याला कुणी पेटंट देत नाही. भाट्ट मीमांसकांनी मात्र एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवली आहे. अभाव कळतो तो न दिसण्यातून. पण असे न दिसणे तेव्हाच ग्राह्य, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. कारखान्यातली ती 2250 व्होल्टची चाचणी हुबेहूब हेच करते. 12 व्होल्टांवर प्रवाह वाहिला नाही यावरून काही ठरत नाही. मार्ग असता तर ज्या दाबाखाली तो बोललाच असता, त्या दाबाखाली त्याला उभे करायचे. भाट्टांचे आचार्य कुमारिल भट्ट यांनी ही चाचणी घेणारा हाय-पॉट टेस्टर पाहिला असता तर खूश झाले असते, असे मला उगाच वाटते.

आता त्या ‘नगण्य’ शब्दाकडे. डेटाशीटमध्ये आयसोलेशनचा रोध काही मेगओहम असा छापलेला असतो. अनंत असे कुणी छापत नाही, कारण ते खोटे ठरेल. फायबरग्लासमधून, वार्निशमधून, साचलेल्या धुळीतून आणि पावसाळी दमटपणातून थोडासा प्रवाह सरकतच असतो. रोमन कायद्याच्या परंपरेत एक वचन आहे, की क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही. इथे निसर्ग दखल घेत होता आणि कायद्याला ती घ्यायची नव्हती, म्हणून कंसात ‘नगण्याखेरीज’ घालून त्याने आपली सुटका करून घेतली. मला यात लबाडी दिसत नाही. काहीही न गळणारी सीमा मागितली असती तर पेटंट कुठल्याच वस्तूला लागू झाले नसते. कितीही गळाले तरी चालेल म्हटले असते तर ते सगळ्यांनाच लागू झाले असते.

व्याख्येत डीसी म्हटले आहे, तेही सहज नाही. 29 ऑगस्ट 1831 ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना दोन वेटोळी घातली. कडे सहा इंच व्यासाचे. तारा उघड्या, म्हणून त्याने वळशांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घालून त्यांना एकमेकांपासून सांभाळले. तेव्हाचे इन्सुलेशन ते. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना पलीकडची सुई क्षणभर हलली, बॅटरी काढताना पुन्हा हलली. जोडलेली राहिली तेव्हा मात्र सुई ढिम्म. वाहत्या स्थिर प्रवाहाला पलीकडे प्रवेश नाही, बदलाला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या त्या भिंतीतून शेजाऱ्यांच्या भांडणाचा आवाज येतो, शेजारी येत नाही.

आवाज येतो तो कधीकधी नको तितका. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हलकेच बोट फिरवा. झिणझिण्या येतात, पृष्ठभाग खरखरीत लागतो. चार्जर बिघडलेला नसतो. आतल्या स्विचांचा गोंगाट शमवण्यासाठी डिझाइनरने मुद्दाम, जाणूनबुजून, सीमेच्या आरपार एक कपॅसिटर टाकलेला असतो. डीसीला तो भिंत आहे, एसीला फट. कायद्याच्या त्या व्याख्येने आयसोलेशन शाबूत. बोटाला मात्र पलीकडच्याची जाणीव होते. किती जाणीव चालेल याचेही आकडे आहेत. माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठी बरीच वर्षे चाललेल्या आयईसी 60950 ह्या मानकात अर्थिंग नसलेल्या उपकरणांना मर्यादा होती 0.25 मिलिअँपिअर. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांना नेहमीच्या स्थितीत फक्त 10 मायक्रोअँपिअर, म्हणजे पंचविसावा हिस्सा. तीच गळती टेबलावर नगण्य आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्राणघातक. नगण्य काय ते वस्तू ठरवत नाही, पलीकडे कोण बसले आहे त्यावरून ठरते.

शस्त्रक्रियागृहांची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. ईथरसारखे पेट घेणारे वायू भुलीसाठी वापरत असत त्या काळात एका ठिणगीने घात होई, म्हणून तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून दोन्ही तारा जमिनीपासून मोकळ्या ठेवण्याची पद्धत पडली. एक तार चुकून टेबलाला लागली तरी ठिणगी नाही, शॉक नाही. पण त्या तारांवर एकेक यंत्र लावत जा: प्रत्येकाची आपापली थोडी गळती, प्रत्येकाचा आपापला कपॅसिटर. मॉनिटर, पंप, दिवा असे करत करत मोकळ्या ठेवलेल्या तारा हळूहळू जमिनीला जोडल्या जातात, कुणी न जोडता. म्हणून भिंतीवर एक मीटर लावतात. तो सतत मोजत राहतो की आत्ता या घटकेला आयसोलेशन किती उरले आहे, आणि अमेरिकी पद्धतीत संभाव्य गळती 5 मिलिअँपिअरवर गेली की ओरडतो. आयसोलेशन एकदा मिळवून ठेवायची चीज नाही, हे त्या मीटरइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

आणि कधी कधी ते मिळवून लगेच मोडायचे असते. आपल्या गावाबाहेरची डीपी घ्या. 11 हजार व्होल्टचे वेटोळे आणि 433 व्होल्टचे वेटोळे यांच्यात तेल आहे, कागद आहे, रीतसर अंतर आहे. म्हणजे तुमच्या घरातली वीज मोठ्या लाइनपासून तोडलेली आहे. मग अनवाणी पायाने फेजला हात लावल्यावर शॉक का बसतो? कारण डीपीच्या खालच्या बाजूचा न्यूट्रल मुद्दाम जमिनीत गाडलेला असतो. तोडलेले पुन्हा जोडून ठेवण्याचा हा उद्योग 1880 च्या दशकात अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी सुचवला. हिशेब सरळ होता. इन्सुलेशन कधीतरी फुटणारच. फुटले की मोठ्या लाइनचा दाब घरातल्या दिव्यावर चढणार. खालची बाजू जमिनीला बांधलेली असेल तर मोठा प्रवाह जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल. रोजच्या शॉकची शक्यता पत्करायची आणि कधीतरीचा सर्वनाश टाळायचा. आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांनी तेव्हा याला विरोध केला. धडधाकट वायरिंग जमिनीला कशाला जोडायचे, असा त्यांचा रोख. वाद बरीच वर्षे चालला. अमेरिकेच्या वीजसंहितेने 150 व्होल्टांपर्यंतच्या दुय्यम बाजूला अर्थिंग सक्तीचे केले ते 1913 मध्ये.

ट्रान्सफॉर्मर आणि पेटंट यांचे वैर जुने आहे. लुसियाँ गोलार ह्या फ्रेंच माणसाने जॉन गिब्ज या इंग्रज भागीदारासह 1882 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. यंत्राला त्यांनी नाव दिले ‘दुय्यम जनित्र’. नाव मला फार बोलके वाटते: त्यांच्या लेखी ग्राहकाच्या दारातले वेटोळे हे मुख्य तारेचे शेपूट नव्हते, ते त्या घराचे आपले जनित्र होते. 1884 मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी लांझोपर्यंत जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर तारांवरून दिवे लावून दाखवले, बक्षीस मिळवले. पण त्यांची जनित्रे एकापुढे एक मालिकेत जोडलेली असत. एका घरचा दिवा मालवला की दुसऱ्याच्या दिव्यावर परिणाम. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातले झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी 1885 मध्ये बंद गाभा आणि समांतर जोडणी आणून तो दोष काढला. इंग्लंडमध्ये फेरांटी आणि इतरांनी गोलार-गिब्जचे पेटंट रद्द करावे म्हणून अर्ज केला. यात नवे काय, प्रवर्तन-वेटोळी तर आधीपासून आहेत, हा मुद्दा टिकला. 1888 मध्ये पेटंट रद्द झाले, पुढची दोन अपिलेही फुकट गेली. शेवटचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सचा, 1890 चा. तो ऐकायला गोलार नव्हता. मनाचा तोल जाऊन नोव्हेंबर 1888 मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात तो वारला.

गोलारचा न्याय आणि श्लेक्टचा न्याय शेजारी ठेवले की अस्वस्थ व्हायला होते. दोघांच्याही बाबतीत सुटे भाग जुनेच होते. एकाला सांगितले गेले की जुन्याची जोडणी म्हणजे शोध नव्हे. दुसऱ्याला, एकशे-वीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, सांगितले गेले की आहे. कायदे वेगळे, न्यायालये वेगळी, हे सगळे खरे. माझा कल तरीही श्लेक्टच्या निकालाकडे आहे. भर घालून सुधारणारे पुष्कळ असतात. त्यांना काम दिसते तरी. चांगल्या चाललेल्या डब्यातून रेग्युलेशन काढून टाका म्हणणाऱ्याला आधी वेड्यात काढतात, आणि चालले की ‘हे तर उघडच होते’ म्हणतात. वगळण्याच्या शोधाचे हेच दुर्दैव, की यशस्वी झाल्यावर तिथे दाखवायला काही उरत नाही. माझे हे मत सगळ्या इंजिनिअरांना पटेल असे नाही. पेटंटच्या वीस वर्षांत कितीतरी लहान डिझाइनर ह्या सोप्या रचनेपासून बिचकून दूर राहिले असतील, हा त्यांचा आक्षेप मलाही खोडून काढता येत नाही.

पेटंट कार्यालयालाही याचा एक निर्णय होईना. सिंकोरशी वेगळ्या खटल्यात भिडलेली व्हायकॉर ही कंपनी मॅसॅच्युसेट्सचीच. संस्थापक पॅट्रिझिओ विंचारेल्ली, मूळचे कण-भौतिकीचे अभ्यासक. एकाच राज्यातल्या दोन कंपन्या भांडायला दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर टेक्सासात गेल्या, आणि समांतर पेटंट कार्यालयात फेरतपासणीचे अर्ज चालू राहिले. तिथे काही दावे टिकले, काही पडले. एका प्रकरणात कार्यालयाच्या अपील मंडळाने म्हटले की स्टायगरवाल्ड आणि कोबोस यांच्या जुन्या रचना एकत्र करता येत नाहीत, कारण त्या ज्या फ्रीक्वेन्सींवर चालतात त्या एकमेकींना मानवत नाहीत. नंतरच्या प्रकरणात तेच मंडळ तशाच जोडणीवर उलटे बोलले. 2021 मध्ये फेडरल सर्किटने त्याला टोकले, की एकदा ठरलेला मुद्दा त्याच पक्षकारांमध्ये पुन्हा उकरता येणार नाही. एका न्यायाधीशाचे मत तिथेही वेगळे पडले.

व्हायकॉरविरुद्धचा निकाल ऑक्टोबर 2022 मध्ये लागला. ज्यूरीने सुमारे 65 लाख डॉलर दिले. तोवर पेटंटांची मुदत संपून चार वर्षे उलटली होती आणि धंदा भलतीकडे निघून गेला होता. टेलिकॉमच्या 48 व्होल्टांना आयसोलेशन लागत असे ते त्या वाहिनीचे व्होल्टेज 75 पर्यंत चढू शके म्हणून, आणि 60 व्होल्टांच्या वर सुरक्षेचे नियम कडक होतात म्हणून. डेटा सेंटरच्या रॅकमध्ये 48 व्होल्ट येतात ते एसीपासून आधीच तोडून आणलेले आणि साठच्या खाली बांधून ठेवलेले. गूगलने 2016 मध्ये ओपन कॉम्प्युटच्या व्यासपीठावर आपली 48 व्होल्टची रॅक मांडली आणि पुढे कपॅसिटरांच्या अदलाबदलीने व्होल्टेज उतरवणारे, आयसोलेशन नसलेले कन्व्हर्टर वापरात आणले. पहिल्या टप्प्यातून रेग्युलेशन आधीच गेले होते, आता आयसोलेशनही गेले. ते वर, एसीच्या पुरवठ्यात, जिथे नियम त्याला हलू देत नाहीत तिथे जाऊन बसले. व्हायकॉरच्या मालाच्या यादीतही आता बिनआयसोलेशनचे बस कन्व्हर्टर आहेत, एनबीएम नावाने.